मोर्चानंतरचा हिशेब कोण तपासणार? धोरणाचा अभ्यास आपल्याला का हवा

आपल्या वस्त्यांमधून आज अभियंते, वकील, प्राध्यापक, एमएसडब्ल्यू झालेले कार्यकर्ते घडत आहेत. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका भरलेल्या आहेत. पण सार्वजनिक धोरण हा विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण घेणारे आपले विद्यार्थी क्वचितच भेटतात. वसतिगृह, शिष्यवृत्ती, घरकुल, सफाई कामगारांचे वेतन या आपल्या मागण्या मात्र धोरणाच्याच असतात.

हा विषय काय शिकवतो?

एखाद्या प्रश्नावर सरकारने काय करायचे, कोणासाठी, किती पैशांत आणि कोणत्या यंत्रणेमार्फत, हे ठरवणे म्हणजे धोरण. प्रश्न सरकारच्या विषयपत्रिकेवर येतो, पर्याय मांडले जातात, निर्णय होतो, निधी मिळतो, अंमलबजावणी होते आणि शेवटी मूल्यमापन होते. विद्यापीठात या प्रत्येक टप्प्याचा अभ्यास अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा आणि प्रशासन यांच्या मदतीने होतो. आपली चळवळ पहिल्या टप्प्यावर फार ताकदवान आहे. पुढच्या टप्प्यांवर मात्र आपली माणसे कमी पडतात.

स्वाधारचे उदाहरण घ्या

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात राहण्या-जेवण्याचे पैसे जमा करण्याची ही योजना. पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले: भोजनाला ३२ हजार, निवासाला २० हजार, निर्वाहाला ८ हजार. निवासाच्या रकमेला बारा महिन्यांनी भागले की महिन्याला १,६६७ रुपये येतात. एवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवर तरी जागा मिळते का, हे इथे शिकणारा कोणताही विद्यार्थी सांगेल.

आपले निवेदन बहुधा "रक्कम वाढवा" एवढ्यावर थांबते. धोरणाचा विद्यार्थी पुढचे प्रश्न विचारतो. हा आकडा कोणत्या आधारावर ठरला? तो महागाई निर्देशांकाला का जोडला नाही? हप्ता सत्राच्या सुरुवातीला मिळतो की सत्र संपल्यावर? अर्ज किती आले, बाद किती झाले आणि कोणत्या अटीमुळे? ही उत्तरे हातात असली की "रक्कम दरवर्षी निर्देशांकानुसार आपोआप वाढावी" अशी नेमकी मागणी करता येते. ती टाळणे मंत्रालयाला जड जाते.

एक पोटकलमही पुरते

अनुसूचित जाती उपयोजनेचे तत्त्व साधे आहे: लोकसंख्येच्या प्रमाणात निधी. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण ११.८ टक्के आहे. २०१३ मध्ये आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने या निधीसाठी कायदे केले. पण कर्नाटकच्या कायद्यातील कलम ७(ड) नुसार सर्वांसाठीच्या पायाभूत कामांच्या खर्चाचा काही भागही या निधीतून झाला असे मानता येत होते. म्हणजे रस्ता सगळ्यांचा आणि खर्च आपल्या खात्यावर. ते पोटकलम २०२३ मध्ये वगळले गेले. तोवर दहा वर्षे गेली होती. महाराष्ट्रातही अशा कायद्याची मागणी होत आली आहे. उद्या मसुदा आला तर त्यातली अशी फट पहिल्याच वाचनात ओळखणारी माणसे आपल्याकडे हवीत.

बाबासाहेबांची रीत

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्यात खोतांना वाजवी भरपाई आणि कसणाऱ्याला जमिनीच्या कब्जेदाराचा दर्जा, अशा दोन्ही तरतुदी होत्या. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, तेव्हा मागणीचा कायदेशीर मसुदा आधीच सभागृहात होता. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. मोर्चा आणि मसुदा सोबत चालवण्याची ही रीत आपण पुन्हा उचलली पाहिजे.

पुण्यात काय करता येईल?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभाग आहे. १९३० मध्ये स्थापन झालेली गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थाही इथलीच. याच संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात २९ जानेवारी १९३९ रोजी बाबासाहेबांनी संघराज्य योजनेची चिकित्सा करणारे व्याख्यान दिले होते. पुण्याबाहेर आयआयटी मुंबई आणि बंगळूरचे नॅशनल लॉ स्कूल येथे सार्वजनिक धोरणाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. परदेशी जायचे असेल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. खासगी विद्यापीठांचे शुल्क मोठे असते, त्यामुळे प्रवेशाआधी तो अभ्यासक्रम शिष्यवृत्तीला पात्र आहे का, हे तपासून घ्या.

पदवी घेणे सर्वांना जमणार नाही, पण अभ्यासगट कोणत्याही विहारात सुरू होऊ शकतो. पाच जणांनी एक योजना निवडावी. एकाने शासन निर्णय वाचावा, एकाने अर्थसंकल्पातील तरतूद शोधावी, एकाने माहिती अधिकारात प्रत्यक्ष खर्च मागवावा, दोघांनी वस्तीत जाऊन लाभार्थ्यांशी बोलावे. समाजकल्याण आयुक्तालय आणि बार्टी ही दोन्ही कार्यालये पुण्यातच आहेत. पुढच्या वेळी तिथे निवेदन द्यायला जाताना सोबत तीन महिन्यांचा हा हिशेबही असू द्या.

जयभीम!