गुण किती आणि गाव कोणते?

दहावी-बारावीचे मूल ज्या घरात आहे, त्या घरी फराळाच्या ताटाबरोबर एक प्रश्न हमखास येतो. “किती टक्के पडले?” उत्तर नव्वदीच्या घरातले असले की पाहुणे चकली मोडता मोडता पुढचे विचारतात, “मग आता स्कॉलरशिप मिळेल, नाही का?” गुण पडले, शिष्यवृत्ती मिळाली, जणू पाऊस पडला, नदी भरली. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात हा हिशेब इतका सरळ वाटतो की त्यावर लिहायचे ते काय, असे कोणी म्हणेल. पण भोर आणि वेल्ह्याकडची मुले वर्षानुवर्षे माझ्यापुढच्या बाकांवर बसत आली आहेत, आणि त्यांची गुणपत्रके हाती आली की या सरळ हिशेबाचा हातचा कुठेतरी सुटतो आहे असे वाटू लागते.

मराठीचा मास्तर म्हणून मला ‘गुणवत्ता’ या शब्दाचीच गंमत वाटते. ज्याच्या अंगी गुण तो गुणवान. आणि ज्याला गुण पडले तोही कचेरीच्या लेखी गुणवानच. इंग्रजाने ‘मार्क’ आणले, आपण त्यांना ‘गुण’ म्हटले, आणि अंगचा गुण व कागदावरचा गुण यांची कायमची सरमिसळ करून बसलो.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. १३२ जण बसले, २२ उतरले. पुढे जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाने संस्कृतात वरचा नंबर पटकावणाऱ्यासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली आणि तिचा मान मोठा झाला. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड, आणि महाडजवळ नाते. त्या नात्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली, आणि पुढे ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झाले. गुणपत्रक पाहून केलेली निवड इथे शंभर नंबरी ठरली.

पण त्याआधी पाचच वर्षे, १९०७ साली, एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. त्या काळच्या मॅट्रिकची आजच्या टक्क्यांशी तुलना करू नये हे खरे. आणि अस्पृश्य मानलेल्या घरातल्या मुलाने मॅट्रिक होणे हीच केवढी गोष्ट! तरी या आकड्यावर पहिल्या नंबराची शिष्यवृत्ती मिळण्यातली नव्हती. मिळाली ती कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाच्या नजरेमुळे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला होता. त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपये सुरू झाले. त्यांवर बी. ए. पार पडली, आणि १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ गाठले गेले.

एक मुलगा गुणपत्रकाने शोधला, दुसरा माणसाने. आज अर्ज लाखांनी येतात. केळुसकर कुठे कुठे पुरणार? म्हणून सारा भार गुणपत्रकावर. केंद्र सरकारची महाविद्यालयीन मुलांसाठी एक मोठी शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ८२,००० नवे विद्यार्थी, त्यांत निम्म्या मुली. बारावीला आपल्या मंडळात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असावे आणि घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. (पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, बरे का! शंभरांतल्या ऐंशीजणांच्या पुढे असणे म्हणजे ८० पर्सेंटाइल. मग गुण ६८ टक्के असोत की ८८.) पदवीच्या तीन वर्षांत साल १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला हजार. ती टिकवायची तर दरवर्षी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी. विज्ञान, वाणिज्य आणि कला यांची वाटणी ३:२:१. शेवटचा एक आमच्या वाट्याला आला याबद्दल मी इथे काही बोलणार नाही, दिवाळी आहे.

योजना वाईट नाही. उत्पन्नाची अट घातली हे तर चांगलेच केले. पण ज्या ऐंशीजणांच्या पुढे जायचे, ते ऐंशीजण कोण? त्यांत पुण्यात क्लास लावून शिकलेला मुलगा आहे आणि तोरण्याच्या पायथ्याची मुलगीही आहे. वेल्हे हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत विरळ वस्तीचा तालुका. (२०२४ साली त्याला राजगड हे नाव द्यायचे मंत्रिमंडळाने ठरवले, आमच्या तोंडी अजून वेल्हेच.) पुणेकरांच्या नळाला येणारे पाणी अडवणारे पानशेतचे धरण तिथले, भोरच्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणच्या उसाला जाते. खोरी बुडाली ती इथली. उरलेल्या वाड्या-वस्त्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या. सकाळची मुक्कामाची एस.टी. चुकली की त्या दिवशीचे कॉलेज चुकले. प्रवेशाची धांदल ऐन आषाढात, आणि त्याच आठवड्यांत भातलावणी. पोरगी चिखलात गुडघाभर उभी, आणि तिचा अर्ज तालुक्याच्या गावी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अडलेला. तिथल्या ७१ टक्क्यांत काय काय मिसळले आहे ते गुणपत्रकात छापलेले नसते.

आणि शहरातले आकडे तर आता आभाळाला टेकले. २०२५ च्या दहावीत राज्यातल्या २११ मुलांना शंभरपैकी शंभर टक्के पडले, त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागातली. पाच उत्तम विषयांचा हिशेब, वर कला-क्रीडेचे वाढीव गुण. मुलांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. पण शंभरावर तोलायचे कसे?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने १९९७ साली एक साधी युक्ती केली. आपापल्या शाळेत वरच्या दहा टक्क्यांत येणाऱ्या मुलाला सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. शाळा शहरातली असो की माळरानावरची. म्हणजे गुण पाहिलेच, पण तुलना त्याच्याच बाकावरच्या सोबत्यांशी. तिथेही त्यावर वाद झाले, मोठ्या विद्यापीठाने पुढे ही मर्यादा आवळली. तरी युक्ती खोटी नव्हे. ती प्रवेशासाठी होती; आपण ती शिष्यवृत्तीला का लावू नये?

“मग आमच्या पंचाण्णव टक्केवाल्याने काय पाप केले?” असे कोणी आई विचारील. काहीच नाही, ताई. त्याला पदक द्या, फोटो छापा, शाल-श्रीफळ द्या. तो मान त्याचाच. शिष्यवृत्ती म्हणजे मात्र पैसे, आणि पैसे कोणाच्या हाती पडले असता शिक्षण सुरू राहते, एवढेच तिथे पाहायचे.

सरकारला सांगायला आपण कोण! पण कॉलेजांतल्या ठेवींचे तसे नाही. कोणी वडिलांच्या नावे, कोणी आजीच्या नावे रक्कम ठेवतो आणि अट लिहितो: ‘बारावीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यास.’ फारसा विचार न करता लिहितो, कारण तसेच लिहायची रीत आहे. जुन्या ठेवींचे व्याज आता भजीच्या प्लेटीपुरते उरले, ते सोडा. नव्या ठेवीची अट मात्र आपल्या हाती असते. आमच्याकडे एका निवृत्त गृहस्थांनी ती अशी लिहिली: ‘दुर्गम भागातल्या आपल्या शाळेत पहिल्या आलेल्या मुलास अथवा मुलीस, प्रथम एस.टी.चा पास, उरल्यास पुस्तके.’ मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास फुकट, आणि बारावी झाली की विकत. हे त्या गृहस्थांना ठाऊक होते. यंदा ती रक्कम वेल्ह्याकडच्या एका मुलीला मिळाली. गुण ६८ टक्के. पास काढून उरलेल्या पैशांत तिने मराठीचा शब्दकोश घेतला आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या व्याख्यानातला एक शब्द चुकीचा असल्याचे मला सांगायला आली. कोश उघडून आम्ही दोघांनी पाहिले. वाद अजून मिटलेला नाही.