प्रश्न चारचौघांत विचारावा

वर्गात हात वर करायचा नाही, तास संपल्यावर सरांना एकट्याने गाठायचं, ही सवय आपल्यातल्या अनेकांच्या अंगात मुरलेली असते. ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या जगात शिरताना तीच आड येते. लिनक्स, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांचा कोड कुणालाही वाचता येतो, तशीच त्यामागची चर्चाही बरीचशी उघड्यावर चालते. कुठे झटपट चॅटवर, कुठे सावकाश चालणाऱ्या फोरमवर. दार उघडं असूनही अनेक जण उंबऱ्यावर थबकतात. त्यांना अडवणारे काही गैरसमज इथे तपासू.

गैरसमज १ : खरं काम कोडमध्ये, बाकी नुसत्या गप्पा.

वस्तुस्थिती : लिनक्सची बातमी जगाला कळली तीच एका चर्चागटात. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांना आपल्या कामाबद्दल कळवलं आणि त्यांच्या सूचना मागवल्या. लिनक्सच्या गाभ्यातले, म्हणजे कर्नलमधले, बदल आजही मुख्यतः जाहीर मेलिंग लिस्टवर तपासले जातात.

या उघड नोंदींचं मोल मार्च २०२४ मध्ये दिसलं. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्या धाग्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ‘एक्सझेड’ या फाइली लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लपवलेलं चोरदार शोधून काढलं. ज्या नावाने ते घुसवलं गेलं, त्या नावाने आधी दोनेक वर्षं मदत करून विश्वास कमावला होता. ते उघड झाल्यावर लोकांनी २०२२ मधले जुने मेल वाचायला घेतले. थकलेल्या मेंटेनरवर, म्हणजे तो प्रकल्प सांभाळणाऱ्यावर, अनोळखी नावांनी ‘काम दुसऱ्याकडे सोपवा’ असा दबाव कसा आणला होता, ते तारीखवार समोर आलं. तो संवाद खासगी असता, तर हा मार्ग इतक्या सहज कुणाला दिसला नसता.

गैरसमज २ : चॅट आलं, आता फोरम कशाला?

वस्तुस्थिती : चॅट नवं नाही. फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही चॅटची पद्धत १९८८ मध्ये तयार केली. तेव्हा वेब जन्मायचं होतं. मुद्दा जुन्या-नव्याचा नाही, कामाचा आहे. इन्स्टॉल करताना अडलात, चार उलटसुलट प्रश्नांनी घोडं पुढे जाणार असेल, तर चॅट उत्तम. पण तिथलं उत्तर संध्याकाळपर्यंत वर वाहून जातं. बऱ्याच चॅटमधला मजकूर गूगलच्या शोधात येत नाही. स्लॅकच्या मोफत योजनेत तर सप्टेंबर २०२२ पासून फक्त ९० दिवसांचे संदेश दिसतात.

फोरमवर एका प्रश्नाला एक पान मिळतं आणि ते वर्षानुवर्षं सापडतं. म्हणून डिस्कोर्स हे ओपन सोर्स फोरम-सॉफ्टवेअर पायथनसारख्या मोठ्या प्रकल्पांनी स्वीकारलं. झुलिप मधला मार्ग काढतं: चॅटच, पण प्रत्येक संदेश ठरावीक विषयाखाली. साधा नियम असा: चॅटवर सुटलेल्या प्रश्नाचं सार फोरमवर लिहा, आणि निर्णय नेहमी तिथेच घ्या.

गैरसमज ३ : सॉफ्टवेअर खुलं, म्हणजे चर्चेची जागाही आपलीच.

वस्तुस्थिती : तसं असेलच असं नाही. फ्रीनोड हे आयआरसीचं जाळं म्हणजे कित्येक वर्षं ओपन सोर्सवाल्यांचा हक्काचा कट्टा. मे २०२१ मध्ये त्याच्या मालकीवरून वाद झाला. ते चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी राजीनामे देऊन लिबेरा चॅट हे नवं जाळं उभारलं. काही दिवसांतच, ज्या चॅनेलांच्या माहितीत लिबेराचा उल्लेख होता, अशी शेकडो चॅनेल फ्रीनोडच्या नव्या व्यवस्थापनाने परस्पर ताब्यात घेतली. उबुंटू, फेडोरा, विकिमीडिया अशा प्रकल्पांनी बिऱ्हाड लिबेरावर हलवलं.

स्लॅक आणि डिस्कॉर्ड सोयीचे आहेत, पण किल्ल्या कंपनीकडे असतात. मॅट्रिक्स या पद्धतीत मात्र समुदायाला स्वतःचा सर्व्हर चालवून इतर सर्व्हरांशी जोडून घेता येतो. मोझिलाने २०२० मध्ये आपलं आयआरसी बंद करून मॅट्रिक्सची वाट धरली. जागा निवडताना सोयीइतकाच ‘उद्या इथून नोंदी सोबत नेता येतील का’ हाही प्रश्न विचारायला हवा.

गैरसमज ४ : मेंटेनरला खासगीत गाठलं की काम लवकर होतं.

वस्तुस्थिती : बहुतेकदा उलटंच घडतं. खासगी संदेश एकच माणूस वाचतो, आणि तो बरेचदा नोकरी सांभाळून हे काम करत असतो. जाहीर प्रश्नाला जो जागा असेल, तो उत्तर देतो. ‘कुणी मदत करेल का?’ एवढंच लिहून थांबू नका. काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आवृत्ती कोणती, हे सांगा. एररचा मजकूर फोटो काढून नको, जसाच्या तसा उतरवून द्या, म्हणजे तोच एरर शोधणाऱ्याला तुमचा प्रश्न सापडेल. अपवाद एकच आणि महत्त्वाचा: सुरक्षेतली फट. ती आधी प्रकल्पाच्या सुरक्षा गटाला खासगीत कळवायची. एक्सझेडमधलं चोरदार शोधणाऱ्या फ्रॉइंड यांनीही आधी डेबियन या लिनक्स-आवृत्तीच्या सुरक्षा गटाला सांगितलं, मग जाहीर केलं.

गैरसमज ५ : इंग्रजी पक्कं नसेल तर तिथे आपलं काम नाही.

वस्तुस्थिती : मोडक्या पण नेमक्या इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नालाही उत्तर मिळतं. शिवाय आपल्या भाषेतून शिकायची सोयही आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. त्यांच्या फोरमवर प्रश्न विचारताना धडा, मिनिट आणि सेकंदही निवडायचे असतात. म्हणजे ‘मला काही कळलं नाही’ असं मोघम म्हणण्याऐवजी ‘इथे, या क्षणी अडलो’ असं बोट ठेवता येतं. पुढे त्याच मिनिटाला अडलेल्या मुलीला तो प्रश्न उत्तरासकट मिळतो. तास संपल्यावर सरांना एकट्याने विचारला असता, तर तिच्यापर्यंत तो कधीच पोचला नसता.