बियासच्या काठचे पक्षी

उन्हाळ्याच्या सुटीत महाराष्ट्रातून मनालीला जाणाऱ्या मंडळींची आता वाण नाही. बर्फ पाहून होतो, शालींची खरेदी होते; पण गावालगत बियास नदीच्या काठी देवदारांचे जे उद्यान आहे, तेथे तासभर स्वस्थ बसणारा विरळाच. पक्षी पाहायचे म्हणजे रानात शिरायचे, अशी आपली समजूत असते. डोंगरी नदीपाशी ती सोडावी, झाडांकडे पाठ करावी आणि प्रवाहातल्या धोंड्यांकडे पाहावे.

पाण्याचा घोष एवढा की शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येऊ नये. मग पक्ष्यांनी साद घालावी कशी? घोष खालच्या पट्टीतला, म्हणून त्यांचे आवाज वरच्या पट्टीतले, धारदार. शिवाय शेपटीची खूण आहेच. पाटीच्या रंगाचा, चिमणीएवढा एक पक्षी धोंड्यावर बसून आपली तांबूस शेपटी पंख्यासारखी उघडमीट करतो. काठाचा ठरावीक तुकडा तो आपला मानतो आणि आपल्याहून मोठ्यालाही तेथून पिटाळतो. महाबळेश्वरला पहाटे माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर आपण ऐकला असेल. त्याचाही एक निळा भाऊबंद येथे आहे.

परंतु खरा नवलाचा पक्षी डिपर. बुलबुलाएवढा, गडद तपकिरी, गुबगुबीत. धोंड्यावर उठाबशा काढल्यासारखा वाकतो आणि थेट बर्फगार पाण्यात शिरतो. बदकासारखे पायांना पडदे नाहीत. तळाचे गोटे पकडीत, पंखांची वल्ही मारीत तो गोट्यांना चिकटलेल्या अळ्या वेचतो. या अळ्यांना थंड, वाहते, निर्मळ पाणी लागते. गोट्यांमधल्या फटी गाळाने बुजल्या की त्यांचे घर मोडते. वेल्समध्ये १९८०च्या दशकात असे दिसले की, ओढ्यांचे पाणी आम्लधर्मी झाले तेथे डिपर विरळ झाले. नदीची प्रकृती सांगणारा असा वैद्य दुसरा नाही!

जुलै २०२३च्या महापुरात बियासने रस्ते आणि घरे वाहून नेली. पूर नदीला नवा नाही. पण रस्ते खोदल्याचा राडारोडा आणि आम्हा प्रवाशांचा कचरा पात्रात लोटला जातो, तो मात्र आपला उद्योग.

जायचे ते सकाळीच. दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढते, गढूळ होते. भडक कपडे नकोत. डिपर पाण्यात दिसेनासा झाला तर जागा सोडू नये. बहुधा थोड्याच वेळात तो जवळपासच्या एखाद्या धोंड्यावर पुन्हा वर येतो.