रोग्याचं बिल कोणी भरायचं?

आनंदीबाई जोशी ज्या कॉलेजात शिकल्या, त्याचं आज काय झालं आहे ते बघून या, एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. फिलाडेल्फियात विमेन्स मेडिकल कॉलेज या नावाचं कॉलेज आता नाही. ते कुठे गेलं याचा माग काढू लागले आणि विषय कॉलेजावरून हॉस्पिटलांवर कधी सरकला ते कळलंच नाही. या शहराने अमेरिकेला हॉस्पिटल कसं उभारायचं ते शिकवलं, आणि ते कसं बंद पडतं तेही याच शहरात दिसलं.

आठव्या रस्त्यावरचं पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल अमेरिकेतलं सर्वांत जुनं मानतात. कल्पना डॉ. थॉमस बाँड यांची, खटपट बेंजामिन फ्रँकलिनची. प्रांताच्या कायदेमंडळातले खेड्यापाड्यांचे सभासद पैसे द्यायला तयार नव्हते. फायदा शहराचा, मग भुर्दंड आम्हाला का, असा त्यांचा सवाल. फ्रँकलिनने तोड काढली: लोकांनी दोन हजार पौंड जमवले तरच सरकारने तेवढेच घालायचे. एवढे जमणारच नाहीत, म्हणजे दमडी न देता पुण्य पदरात, अशा हिशेबाने विरोधकांनीही मत दिलं. दुसरीकडे, आपल्या पौंडाचे दोन होणार म्हणून लोकांनी हात सैल सोडला आणि वर्गणी पुरी झाली. 1751 साली सनद मिळाली. हॉस्पिटलच्या मोहोरेवर बायबलातला दयाळू शोमरोनी आहे. वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला धर्मशाळेत पोचवून, याचा खर्च मी देईन, असं मालकाला सांगणारा.

त्या काळी पैसेवाला माणूस हॉस्पिटलात जातच नसे. डॉक्टर त्याच्या घरी येई, शस्त्रक्रियाही घरीच होई. हॉस्पिटल होतं ते गरीब, बेवारशी आणि वेड लागलेल्या माणसांसाठी.

जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर 1804 सालचं शस्त्रक्रियागृह जपून ठेवलं आहे. तिथून माझा पाय निघेना. गोल खोली, मधोमध टेबल, भोवती उभ्या चढत गेलेल्या बाकांची कडी आणि डोक्यावर छतात काचेचा झरोका. दिव्याच्या उजेडात कापाकापी करणं धोक्याचं, म्हणून आकाश निरभ्र असेल त्या दिवशी, ऊन डोक्यावर असतानाच शस्त्रक्रिया व्हायची. 1846 पूर्वी भूल नव्हती. रोग्याला दारू किंवा अफू द्यायची, हातपाय धरायला माणसं उभी करायची आणि सर्जनने होईल तितक्या झपाट्याने काम उरकायचं. विद्यार्थी तिकीट काढून बघायला बसत. हात धुण्याची रीत अजून यायची होती. 1868 पर्यंत ही खोली वापरात होती. टेबलावरचा माणूस फुकट उपचार घेत होता आणि त्याच्या देहावर डॉक्टर घडत होते. हॉस्पिटल आणि वैद्यकीय शिक्षण यांचं नातं मला त्या बाकांवरून जेवढं स्पष्ट दिसलं, तेवढं कुठल्या पुस्तकात दिसलं नव्हतं.

या बाकांवर बायकांना जागा नव्हती. नोव्हेंबर 1869 मध्ये विमेन्स मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी याच हॉस्पिटलातल्या पाठाला आल्या, तेव्हा मुलांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे मारले, तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकल्या. दार आपल्यासाठी सहजी उघडणार नाही हे त्या कॉलेजच्या डॉ. ॲन प्रेस्टन यांनी आधीच ओळखलं होतं. क्वेकर पंथाच्या बायकांना हाताशी धरून त्यांनी 1861 साली विमेन्स हॉस्पिटल काढलं. रोगी बायका, डॉक्टर बायका, शिकणाऱ्याही बायकाच.

याच शहरात 1834 साली डोळ्यांचं आणि 1855 साली लहान मुलांचं हॉस्पिटल निघालं. हॉस्पिटलांचे प्रकार आपण पाठ करतो, पण त्यातला एकेक प्रकार कुणाला तरी दारात घेतलं नाही म्हणून किंवा कुणाकडे नीट पाहिलं नाही म्हणून जन्माला आला आहे.

प्रेस्टनबाईंच्या अशा खटाटोपामुळे 1883 साली कल्याणची अठरा वर्षांची मुलगी विमेन्स मेडिकल कॉलेजात येऊन शिकू शकली. दहा दिवसांचं मूल उपचारांअभावी गेल्याचं दुःख तिच्या पाठीशी होतं. 11 मार्च 1886 ला आनंदीबाईंना पदवी मिळाली, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूकही झाली, पण कामावर रुजू होण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, क्षयाने त्या गेल्या.

त्यांचं कॉलेज पुढे मुलांनाही घेऊ लागलं, मग हानेमान या जुन्या होमिओपॅथी कॉलेजात मिसळलं आणि अखेर ड्रेक्सेल विद्यापीठाकडे गेलं. त्यांचे कागद आणि साडीतला प्रसिद्ध फोटो तिथेच आहे. ड्रेक्सेलचे विद्यार्थी शिकायचे ते 496 खाटांच्या हानेमान हॉस्पिटलात. शहराच्या अगदी मध्यावर असलेलं हे हॉस्पिटल गरिबांचं होतं.

अमेरिकेत 1986 च्या कायद्याने आपत्कालीन विभागात आलेल्या कुणालाही, खिशात पैसे असोत नसोत, तपासून सावरल्याशिवाय परत पाठवता येत नाही. पण त्या खर्चाची भरपाई कायदा देत नाही. गरिबांचा सरकारी विमा मेडिकेड. तो खासगी विम्यापेक्षा कमी पैसे देतो. म्हणून जिथे गरीब रोगी जास्त, तिथे तोटा जास्त.

2018 मध्ये एका गुंतवणूकदाराने हानेमान विकत घेतलं. 2019 च्या जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला आणि सप्टेंबरपर्यंत कुलूप लागलं. साडेपाचशेहून अधिक निवासी डॉक्टरांना रातोरात दुसरी जागा शोधावी लागली. त्यांच्या प्रशिक्षणाच्या जागांचा लिलाव पुकारला गेला. बोली साडेपाच कोटी डॉलरांवर गेली. सरकारने हरकत घेतली म्हणून तो सौदा पुढे बारगळला. मला सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. हॉस्पिटल दिवाळखोर झालं, पण त्याखालची मोक्याची जमीन वेगळ्या कंपन्यांच्या नावावर होती. ती दिवाळखोरीच्या बाहेर राहिली.

सहा महिन्यांत कोविड आला. शहराने ती रिकामी इमारत मागितली, तर भाडं आणि देखभाल मिळून महिन्याला दहा लाख डॉलरांच्या आसपास आकडा सांगितला गेला. शहराने नाद सोडला आणि टेंपल विद्यापीठाच्या क्रीडागृहात खाटा मांडल्या. 2025 मध्ये शहराजवळचं क्रोझर-चेस्टर हॉस्पिटलही असंच मालक कंपनीच्या दिवाळखोरीत बंद झालं. तिथल्या गरोदर बाईला आता आणखी लांब जावं लागतं. हे मला भयंकर वाटतं, आणि ते दूर अमेरिकेतलं आहे म्हणून निश्चिंत राहावं असंही वाटत नाही.

महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या गावातल्या अशा हॉस्पिटलात जाल तेव्हा त्यातल्या किती खाटा आज रिकाम्या आहेत आणि जमीन कुणाच्या नावावर आहे, हे जरूर विचारा.