लहान मोटार : पहिली नजर आणि पुढची परख

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी आम्ही आजवर जे चार शब्द लिहिले, ते धान्याच्या मोजमापाविषयी, वखारीतील किडीविषयी, फार तर मंडीतील लिलावाविषयी. यंदा संपादक मंडळींनी आम्हांस एक निराळाच विषय सुचविला. सभासदांच्या घरोघरी तरुण मंडळी नव्या लहान मोटारींची चर्चा करीत असतात, कोणती घ्यावी म्हणून वडीलधाऱ्यांस विचारतात; तेव्हा त्यावर अनुभवाचे काही लिहावे, असा त्यांचा आग्रह पडला. आम्ही यंत्रशास्त्र शिकलेले नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. परंतु माल पाहून त्याची पारख करण्यात उभा जन्म गेला, आणि एका लहान मोटारीच्या बाबतीत ती पारख कशी चुकली, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. तेच येथे सांगावयाचे आहे.

आमच्या तरुणपणी भैरवगढच्या रस्त्याने मोटार गेली की मुले मागे धावत. त्या काळी मोटार म्हणजे अँबॅसेडर, नाहीतर मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी. दोन्ही गाड्या पेढीच्या मालकांच्या. सामान्य दुकानदाराने त्यांकडे पाहावे आणि पुढे चालावे. लहान व स्वस्त गाडीचे स्वप्न मात्र आपल्या माणसांनी फार पूर्वीच पाहिले होते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या हिकमतीवर ‘मीरा’ नावाची छोटी गाडी घडविली होती. पण ती कारखान्यातून बाजारात कधीच उतरली नाही. पुढे १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली, आणि ७९६ सी.सी.च्या त्या छोट्या गाडीने मध्यमवर्गाचे दार उघडले. तरीही स्कूटरवर पुढे एक मूल उभे, मागे पत्नी, तिच्या मांडीवर दुसरे मूल, हे चित्र आपल्या गावातून गेले नाही.

नेमके हेच चित्र पावसात पाहून आपणांस लहान गाडीची कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत असत. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात त्यांनी ‘नॅनो’ लोकांसमोर आणली. किंमत एक लाख रुपये! त्या दिवशी मंडीतील लिलाव आटोपल्यावर दुसरा विषय नव्हता. गाडीच्या घडणीचे काम पुण्याच्या अभियंत्यांनी गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली केले होते, म्हणून आम्हां मराठी घरांत थोडा अधिकच आनंद झाला. पुढे २३ मार्च २००९ रोजी मुंबईस गाडीचे विधिपूर्वक आगमन झाले आणि एप्रिलात ती ठिकठिकाणच्या विक्रीदालनांत पाहावयास मिळू लागली.

त्या एप्रिलात ऐन गव्हाच्या हंगामात एक दिवस काढून आम्ही सहा सभासद इंदूरला गेलो. एक किराणा दुकानदार, एक कापडावर ठसे छापणारे कारखानदार, एक तेलाचे व्यापारी, एक हिशेबनीस, मोटारींचे अतोनात वेड असलेला एक तरुण सभासद आणि आम्ही. दालनात ही गर्दी! एक पिवळी गाडी मधोमध उभी होती आणि लोक तिच्याभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरत होते.

पहिली नजर कशी पडली, ते प्रामाणिकपणे सांगतो. गाडी बाहेरून अंड्यासारखी गोल, उंच आणि आखूड. लांबी सुमारे ३.१ मीटर, रुंदी दीड मीटर, उंची साधारण १.६५ मीटर, चाके बारा इंची. छापखानदार बंधूंनी चाकाशी वाकून पाहिले व म्हणाले, “अहो, चाकास तीनच नट आहेत!” तेलाच्या व्यापाऱ्यांनी पुढचे बॉनेट उघडावयास लावले, तो आत इंजिनच नाही, तेथे स्टेपनी आणि पेट्रोल भरण्याचे तोंड. इंजिन मागच्या आसनाखाली, ६२३ सी.सी.चे, दोन सिलिंडरांचे. डिकी उघडावी म्हणून ते मागे गेले, तर मागचे दार काही उघडेना. सामान ठेवावयाचे तर आतून मागच्या आसनाची पाठ पाडावयाची. काच पुसण्यास वायपर एकच. सर्वांत स्वस्त प्रकारात बाहेरचा आरसाही चालकाच्या बाजूसच. वेगाचा काटा चालकासमोर नसून मधोमध. पेट्रोलची टाकी पंधरा लिटरची.

बाहेरून पाहताना प्रत्येकाने काहीतरी उणे काढले; पण आत बसताच सर्वांचे चेहरे बदलले. तेलाचे व्यापारी अंगाने भरदार. तेही मागच्या आसनावर आरामात बसले आणि गुडघे पुढे टेकले नाहीत. डोक्यावर पागोटे राहील एवढी जागा! मारुती ८०० पेक्षा बाहेरून आठ टक्के आखूड, परंतु आत एकवीस टक्के अधिक ऐसपैस, असे कंपनी सांगत होती, आणि बसल्यावर ते पटत होते. इंजिन मागे आणि चाके चार कोपऱ्यांत नेल्यामुळे मधली सर्व जागा माणसांस मिळाली, हे आमच्या तरुण सभासदाने समजावून दिले. वळण्यास चार मीटरची त्रिज्या पुरे. भैरवगढच्या ज्या गल्ल्यांत छापलेली कापडे वाळत असतात आणि हातगाडीही तिरकी करून न्यावी लागते, तेथे हा गुण काय मोलाचा, ते तेथे राहणारासच कळेल.

हिशेबनीसांनी परतीच्या वाटेवर आपल्या पद्धतीने हिशेब मांडला. त्या हंगामात गव्हाचा सरकारी आधारभूत भाव क्विंटलला १०८० रुपये होता. म्हणजे एक लाखाची गाडी अवघ्या ब्याण्णव-त्र्याण्णव क्विंटल गव्हास पडत होती. एवढा गहू तर आमच्या दुकानातून एका सकाळी जातो!

मग सर्वांनी आमच्याकडे पाहिले. वयाने व पेढीने आम्ही मोठे. आम्ही निकाल दिला : “गाडी स्वस्त आहे, तीच तिची खोड. व्यापाऱ्याच्या दारात सर्वांत स्वस्त म्हणून गाजलेली वस्तू उभी राहिली, तर उधारी देणारा दोनदा विचार करील.”

हे बोलणे त्या किराणा दुकानदारास उद्देशून नव्हते, परंतु लागले त्यालाच. तो आमच्याहून वीस वर्षांनी लहान. दुकान बेताचे, घरी पत्नी व दोन मुले, वाहन एक जुनी स्कूटर. इंदूरच्या दालनात तो एक शब्दही बोलला नव्हता. मात्र मागच्या आसनावर हात फिरवून दोन मुले व त्यांची आई कशी बसतील, ते मापून पाहत होता. दुसऱ्या दिवशी तो पेढीवर आला. “काका, नाव नोंदवू का? पैसे जमवले आहेत.” आम्ही म्हणालो, “घाई करू नकोस. दोन वर्षे थांब, चांगली गाडी घे.” त्याने मान डोलावली. आमचे ऐकण्याची त्याला सवय होती.

त्याच वर्षी जुलैत, पावसाच्या झडीत, नातलगांकडून परतताना भैरवगढच्या रस्त्यावर चिखलात त्याची स्कूटर घसरली. पत्नीच्या कोपराचे हाड मोडले, थोरल्या मुलाच्या कपाळास पाच टाके पडले. जीव वाचले, एवढेच. आम्ही इस्पितळात गेलो, तेव्हा त्याने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. “काका, बसा,” म्हणून स्टूल पुढे केले. त्या स्टुलावर बसणे आम्हांस फार जड गेले.

नाव नोंदविले असते, तरी जुलैपर्यंत गाडी हाती आली असती असे नाही. नोंदणी दोन लाखांहून अधिक झाली होती. पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड सोडतीने झाली आणि पहिली गाडी १७ जुलै २००९ रोजी दिली गेली. हा हिशेब आम्ही अनेकदा केला आहे. पण तो मनाची समजूत घालण्याचा हिशेब आहे, हेही आम्हांस कळते. आम्ही त्यास सल्ला दिला तो गाडी पाहून नव्हे. लोक काय म्हणतील, ते पाहून दिला. धान्याच्या पोत्यात परखी खुपसून आतला दाणा ओंजळीत घेतल्याशिवाय भाव न बोलणारे आम्ही, त्या दिवशी पोत्यावरचा छाप वाचूनच भाव बोललो.

मात्र याचा अर्थ गाडी निर्दोष होती, असा कोणी घेऊ नये. तिचा पुढचा इतिहास सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पश्चिम बंगालात सिंगूर येथे जमिनीचा तंटा होऊन ऑक्टोबर २००८ मध्ये कारखाना तेथून हलविला गेला, आणि गुजरातेत साणंद येथे तो जून २०१० मध्ये सुरू झाला. मधल्या काळात काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लहान गाड्या अडथळ्यावर आदळून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांस मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत एकही तारा मिळाला नाही. नॅनो त्यांत होती. मागचे उघडणारे दार तिला २०१५ साली मिळाले, तोवर ग्राहक दुसरीकडे वळले होते. २०१८ साली तिचे उत्पादन थांबल्यात जमा झाले. ‘सर्वांत स्वस्त’ म्हणून तिची जाहिरात झाली, ही चूक झाल्याचे स्वतः रतन टाटांनी पुढे बोलून दाखविले. म्हणजे लोक काय म्हणतील, हे आमचे भाकीत बाजाराच्या बाबतीत खरे ठरले, आणि एका घराच्या बाबतीत खोटे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आम्ही त्या गाडीपासून शिकलो.

आता नवी गाडी पाहावयास जाणाऱ्या तरुण सभासदांस चार गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट अशी की, गाडी बाहेरून पाहण्याआधी आत बसून पाहावी, आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसास बरोबर न्यावे. आईस चढता-उतरता येत नसेल, तर चकाकणारा रंग काय कामाचा?

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. पुढच्या दोन्ही आसनांस एअरबॅग नव्या गाड्यांत २०२१ पासून सक्तीच्या झाल्या, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली. आपल्याच देशातील नेक्सॉन या आखूड गाडीने २०१८ साली पाच तारे मिळविले. लहान गाडी म्हणजे कच्ची गाडी, हा समज आता धरून बसू नये. विक्रेत्यास पडद्याचा आकार विचारण्यापूर्वी ताऱ्यांची संख्या विचारावी.

तिसरी गोष्ट कराची. चार मीटरांपर्यंत लांबी आणि १२०० सी.सी.पर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या गाडीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. पूर्वी तो २८ टक्के व वर अधिभार होता. तेव्हा सर्वांत स्वस्त गाडीची दालनातील किंमत साडेतीन लाखांच्या आसपास आली. त्या वर्षीच्या २४२५ रुपये भावाने हे सुमारे एकशे चव्वेचाळीस क्विंटल गहू होतात. हिशेबनीसांचा जुना आकडा आठवून पाहावा, म्हणजे गहू आणि गाडी यांत कोण किती चढले, ते कळेल.

चौथी गोष्ट जागेची. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुले झाल्यापासून कालभैरवाच्या दर्शनास येणारांची वाहने आपल्या रस्त्यांवर फार वाढली आहेत, आणि २०२८ साली सिंहस्थ येत आहे. गाडी किती लांब घ्यावी, हे आपल्या गल्लीस विचारून ठरवावे.

त्या किराणा दुकानदाराने पुढे २०१३ साली वापरलेली एक नॅनो घेतली आणि सहा वर्षे चालविली. आमच्याकडे दाखवावयास आणली, तेव्हा पेढा आम्हीच त्याच्या हातावर ठेवला. ज्याच्या कपाळास टाके पडले होते, तो त्याचा मुलगा आता मिळवता झाला आहे. गेल्या दिवाळीस त्याने सहा एअरबॅग असलेली नवी लहान गाडी घेतली आणि घेण्यापूर्वी आम्हांस दालनात बरोबर नेले. “आजोबा, तुमचे मत सांगा,” तो म्हणाला. आम्ही आधी मागच्या आसनावर बसलो, मग पट्टा ओढून पाहिला, मग चाचणीचे तारे विचारले, आणि मगच किंमत विचारली. लोक काय म्हणतील, हा प्रश्न त्या दिवशी आम्ही काढला नाही.