इलेक्ट्रॉनचा कल

इलेक्ट्रॉन अगदी वाटोळा आहे, की एका अंगाला किंचित कललेला? मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याने ही उठाठेव का करावी, असे वाचक म्हणतील. पण या प्रश्नाला तुमच्या-माझ्या अस्तित्वाचाच प्रश्न चिकटलेला आहे.

विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच निर्माण झाले असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. दोघांची गाठ पडली की दोघांचाही नाश! मग आपण उरलो कसे? निसर्गाच्या नियमांतच कुठेतरी डावे-उजवे असले पाहिजे, असे १९६७ साली आंद्रेई साखारॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्या पक्षपाताची खूण इलेक्ट्रॉनवर सापडण्याचा संभव आहे. त्याचा विद्युत्‌भार मध्यापासून लवमात्र सरकलेला असेल, तर ती ही खूण. तिचे भारदस्त नाव विद्युत् द्विध्रुव आघूर्ण.

सुटा इलेक्ट्रॉन विद्युत्‌क्षेत्रात ठेवला की पळतो. म्हणून त्याला अणूच्या घरातच गाठायचे. गंमत अशी, की साध्या हिशेबाने अणूतले बाकीचे भार हा कल झाकून टाकतात. पण १९६५ साली पॅट्रिक सँडर्स यांनी दाखवले, की जड अणूत नेमके उलटे घडते. तिथे अणुगर्भाजवळून इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने धावतात, की आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद मध्ये येतो आणि कल शेकडो पटींनी वाढून दिसतो.

शेकडो म्हणजे नेमका किती? हे प्रयोग सांगत नाही. हिशेबच करावा लागतो. थॅलियमच्या अणूत ८१ इलेक्ट्रॉन. एकत्र कुटुंबात एकाने कूस बदलली की साऱ्यांची झोप चाळवते, तसाच प्रकार! कागद-पेन्सिलीचे हे काम नव्हे. म्हणून अख्खा अणू संगणकात गणिताने उभा करतात.

२००२ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे थॅलियमच्या अणूंवर अतिशय नाजूक प्रयोग झाला. कल आढळला नाही. असलाच, तर सेंटिमीटरमध्ये दशांशचिन्हापुढे २६ शून्ये आणि मग १६, याहून मोठा नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यात वाढीचा आकडा ५८५ धरला होता. पुढे २०११ साली बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील भानुप्रताप दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने हिशेब मांडला. उत्तर आले ४६६! म्हणजे प्रयोग तोच, अणू तेच, पण मर्यादा १६ वरून २० वर सैल झाली. लगेच २०१२ साली अमेरिकेतील एका गटाच्या गणिताने ५७३ सांगितले.

ही नुसती आकड्यांची भांडणे नव्हेत. उद्या कल खरोखर सापडला, तर तो केवढा आणि कोणत्या नव्या सिद्धान्ताच्या बाजूने कौल देतो, हे याच हिशेबावर ठरेल. आता अणूंऐवजी रेणूंवरही प्रयोग होतात. २०२३ साली कोलोरॅडोत झालेल्या अशा प्रयोगाने मर्यादा बर्कलेच्या शेकडो पटींनी खाली आणली. पण तिथेही रेणूचे गणित आधी करावेच लागले.

शब्दाचा अर्थ वाक्यात कळतो, असे आम्ही वर्गात सांगतो. इलेक्ट्रॉनचेही तेच: तो बोलेल तेव्हा ८० जणांच्या गलबल्यातूनच बोलेल, आणि त्याचा आवाज वेगळा काढणारा हिशेब आधी चोख हवा.