हिंजवडीची इमारत, अमेरिकेचा पैसा आणि हलाल भाड्याचा प्रश्न

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत आपली कितीतरी मुलं कामाला जातात, पण ऑफिसच्या इमारतीचा मालक कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. क्वाड्रन आणि क्युबिक्स ही संकुलं घ्या. १ एप्रिल २०१९ ला शेअर बाजारात आलेल्या भारतातल्या पहिल्या रीटमध्ये, एम्बसी ऑफिस पार्क्समध्ये, ती होती. त्यामागे होती अमेरिकेची ब्लॅकस्टोन. असल्या कंपन्यांकडचा बराच पैसा तिकडच्या पेन्शन फंडांचा असतो, म्हणजे मास्तर-नोकरदारांच्या म्हातारपणाची पुंजी.

२०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेत व्याजदर जवळपास शून्य होता. जुलै २०२३ मध्ये तो सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. घरबसल्या सरकारी रोख्यांवर एवढं मिळत असेल, तर रुपयाची जोखीम कोण घेईल? डिसेंबर २०२३ मध्ये ब्लॅकस्टोनने उरलेला हिस्सा विकला. कारण फक्त व्याजदरच असं नाही, असे फंड काही वर्षांनी पैसा मोकळा करतातच. सप्टेंबर २०२४ पासून तिथले दर उतरू लागले, की असा पैसा पुन्हा बाहेर बघू लागतो.

रीटचे युनिट आपल्यालाही घेता येतात. 'भाडंच तर आहे, हलालच की!' असं सांगणारे भेटतात. जरा थांबा. रीट आपल्याच कंपन्यांना कर्ज देते, त्यामुळे वाटपात लाभांशासोबत कर्जफेड आणि व्याजही येऊ शकतं. वाटपाच्या पत्रकात ही फोड दिलेली असते. ते पत्रक घेऊनच मुफ्तीसाहेबांकडे जा.